जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती: इतिहास, पात्रता आणि कागदपत्रे

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना 'टाटांची स्कॉलरशिप' ऐकून ठाऊक असते, पण ती परत करायची असते हे अनेकांना मुलाखतीच्या टप्प्यावर कळते. म्हणून आधी तेच सांगते: हे कर्ज आहे.

जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये मुंबईत हा निधी उभा केला. होतकरू तरुणांना विलायतेत शिकू द्यावे, मात्र त्यांनी मिंधे होऊ नये, असा त्यांचा विचार होता. घेतलेले पैसे फेडले की तेच पुढच्याच्या कामी येतात. सुरुवातीला ही मदत फक्त पारशी विद्यार्थ्यांपुरती होती. 1894 पासून ती सर्व भारतीयांना खुली झाली. अगदी पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा या डॉक्टर होत्या. बायकांनी मॅट्रिक होणेही नवलाचे होते, त्या काळातली ही निवड मला फार मोलाची वाटते. नंतर राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन 1945 मध्ये याच मदतीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटा स्कॉलर म्हणूनच.

आता पात्रता. अर्जदार भारतीय नागरिक आणि पदवीधर हवा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो. परदेशातला पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम, पीएच.डी. किंवा त्यापुढचे संशोधन यांसाठी ही मदत मिळते. आतापर्यंत पदवीला किमान 60 टक्के आणि वयाची कमाल मर्यादा 45 वर्षे अशा अटी राहिल्या आहेत. रक्कम, तारखा आणि अर्ज शुल्क यांसाठी मात्र त्या वर्षाची सूचनाच प्रमाण माना. मोठ्या भावाच्या वेळचे आकडे धरून घरचे गणित मांडू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यानंतर ऑनलाइन चाचणी आणि मग विषयतज्ज्ञांसमोर मुलाखत. 'हाच अभ्यासक्रम का आणि परत आल्यावर काय करणार', याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत तयार ठेवा. पाठ केलेले उत्तर तज्ज्ञांच्या लगेच लक्षात येते.

कागदपत्रांत सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट, परदेशी विद्यापीठाने प्रवेश दिल्याचे पत्र, आयईएलटीएस, टोफेल (इंग्रजीच्या परीक्षा) किंवा जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) दिली असल्यास त्यांचे गुण, खर्चाचा अंदाज आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचे पुरावे जवळ असू द्या. आपल्याकडची मुले अडतात ती नावापाशी. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवरच्या आपल्या नावात क्रम निराळा आणि आईचे नाव गायब. दोन्हींतली व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. स्पेलिंगच वेगळे असेल तर राजपत्रात नोंद करावी लागू शकते, आणि तिला वेळ लागतो. दुसरा अडथळा श्रेणीगुणांचा: गुणपत्रिकेवर 7.8 सीजीपीए (10 पैकी सरासरी श्रेणीगुण) आणि अर्जात विचारलेले असतात टक्के. मनाने 10 ने गुणून भरू नका. विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते. परीक्षा विभागाकडून रूपांतराचा दाखला घ्या.

निवड झाल्यावर करारनामा आणि जामीनदार हा सर्वांत गंभीर टप्पा येतो. मामा किंवा काका प्रेमापोटी न वाचता सही करतात. तसे होऊ देऊ नका. परतफेड कधी सुरू होते, किती वर्षांत संपवायची, व्याज किती, नोकरी लांबली तर काय, हे चारही मुद्दे जामीनदारासमोर बसून मोठ्याने वाचा आणि मगच सही घ्या. कर्जाखेरीज प्रवास खर्चासाठी आणि तिकडच्या चांगल्या कामगिरीबद्दल स्वतंत्र अनुदानही मिळू शकते, पण ते हमखास धरून बजेट आखू नका. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम बहुधा अपुरीच पडते. म्हणून बँकेच्या शैक्षणिक कर्जाची फाइल आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टच्या बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच वेळी चालू ठेवा. तिकडेही बहुतेक हीच कागदपत्रे लागतात, तेव्हा स्कॅन करतानाच दोन संच करा.