एरंडेल, आतडं आणि सातवा महिना

डोहाळजेवणाच्या पंगतीत माझ्या मावसबहिणीने ताटातली पुडाची वडी हळूच कडेला सारली आणि आत्याबाईंनी ते नेमकं टिपलं. "काहून वं, पोट साफ नाही होऊन राहिलं काय? रात्री दोन चमचे एरंडेल घे न बाप्पा, सकाळी मोकळी होशील." नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात आत्याबाईंचा शब्द सहसा कोणी मोडत नाही. मी मोडला, आणि मग का मोडला ते समजावता समजावता मठ्ठा कोमट झाला.

बहिणीला कॉलेजपासून आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. या दुखण्याची अडचण अशी, की दुर्बीण घालून तपासलं तर आतडं धडधाकट दिसतं. जखम नाही, सूज नाही. तरी पोट दुखतं, शौचाला जाऊन आलं की दुखणं कमीजास्त होतं, कधी जुलाब तर कधी खडा. तपासणीत काही सापडत नाही म्हटल्यावर घरचे ठरवून टाकतात, "मनाचे खेळ आहेत." तसं नाही. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते. तिथेच गडबड होते आणि साधा वायूचा ताणसुद्धा कळ म्हणून पोचतो.

त्यात दिवस गेले, की खरी मजा सुरू होते. निदान माझ्यासारख्या बघ्यासाठी.

दंडाचा स्नायू आपलं ऐकतो. आतड्याचा ऐकत नाही, तो अनैच्छिक स्नायू, हे आपण शाळेत शिकलो. गर्भाशयाची भिंतही त्याच जातीच्या स्नायूची, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दोघी एकमेकींना खेटून राहणाऱ्या सख्ख्या जावा म्हणा ना. एकीला पाठवलेला निरोप दुसरीच्या कानावर पडतोच.

गर्भ वाढायचा तर गर्भाशयाने ९ महिने आकसायचं नाही. हा हुकूम देतं प्रोजेस्टेरॉन. सुरुवातीला ते अंडाशयातल्या पीतपिंडातून येतं, मग साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापासून वार, म्हणजे प्लॅसेंटा, ते काम अंगावर घेते. पाळीच्या चक्रात या संप्रेरकाची जी सर्वांत वरची पातळी असते, तिच्या साधारण १० पट पातळी गरोदरपणाच्या शेवटी असते. ते रक्तातून सगळीकडे फिरतं, आणि आतडंही ऐकतं.

ऐकतं म्हणजे काय होतं? आतड्याच्या भिंतीत काहाल पेशी असतात. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी १९०६ साली नोबेल मिळालेल्या सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं नाव त्यांना दिलं आहे. या पेशी ढोलकीवाल्यासारखा ठेका धरतात, जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२. पण ठेका धरला म्हणून नाच होतोच असं नाही. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचा रासायनिक निरोप यावा लागतो. तो स्नायूपेशीच्या दारावरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, ग्राही आतल्या जी-क्यू नावाच्या प्रथिनाला जागं करते, त्यातून पुढे पेशीतला कॅल्शियमचा साठा मोकळा होतो, कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, आणि ते जोडपं एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावून स्नायू आकसवणारे मायोसिनचे धागे खेचायला लावतं. (इथे आत्याबाईंनी वाढायला घेतलं.) प्रोजेस्टेरॉन या साखळीतल्या जी-क्यूचं प्रमाणच घटवतं आणि स्नायू सैल करणाऱ्या जी-एस या भावंडाचं वाढवतं. चिवट बद्धकोष्ठ असलेल्या काही बायकांच्या मोठ्या आतड्याच्या स्नायूत नेमका हाच असमतोल सापडला आहे, त्या गरोदर नसतानासुद्धा. म्हणजे दार वाजतं, पण उठून कडी काढणारं माणूस घरात कमी.

मग माल रेंगाळतो. मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं, खडा होतो. जिवाणूंना आंबवायला जास्त वेळ मिळतो, वायू धरतो, आणि आधीच हळवं असलेलं आतडं त्या ताणाने कळवळतं. उलट जुलाबाचा आयबीएस असलेल्या काहींना हेच महिने सुखाचे जातात.

आता एरंडेल. पोटात गेल्यावर त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की हे आम्ल प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या निरोप्या रसायनाच्या ईपी-३ नावाच्या ग्राहीवर बसतं. ही ग्राही काढून टाकलेल्या उंदरांना एरंडेलाने ना जुलाब झाले, ना त्यांचं गर्भाशय आकसलं. किल्ली एक, कुलपं दोन! पोट मोकळं करायला घेतलेला चमचा गर्भाशयालाही जागं करू शकतो, म्हणून सातव्या महिन्यात तो नकोच. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापलेल्या पोटसफाईच्या चूर्णांनाही मी याच रांगेत उभं करतो. एरंडेलही नैसर्गिकच आहे.

दृष्ट काढणाऱ्यांचाही विषय निघाला. ओवाळून टाकलेल्या मिरच्या जळल्या, की सगळे खोकतात. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चेतवतं, ती ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तीच ग्राही आतड्यातल्या मज्जातंतूंवरही असते. त्यामुळे सावजीचा रस्सा काही महिने दुरून वास घेण्यापुरता. तर्री-पोह्यांत तर तिखटाबरोबर कांद्यातलं फ्रुक्टन हे न पचणारं कर्बोदक आहे आणि चण्यातली अशी साखर आहे जी फोडायला आपल्याकडे विकरच नाही. दोन्ही थेट जिवाणूंच्या पंगतीत जातात. बहिणीला संत्र मात्र सोसतं.

पण म्हणून डाळ, गहू, कांदा, दूध सगळं एकदम बंद करायचं नाही. गरोदरपणात असं कडक पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय अंगाशी येतं. वहीत रोज काय खाल्लं आणि काय झालं एवढं लिहावं, दोन आठवड्यांत खरा गुन्हेगार बहुधा सापडतो. बहिणीने थोडं थोडं खाणं, संध्याकाळी फुटाळा तलावावर फेरी आणि नाश्त्यानंतर घाई न करता शौचाला बसणं एवढं सुरू केलं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं. डॉक्टरांना विचारून इसबगोलही सुरू केलं. ते भुसं रक्तात जात नाही, पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ ठेवतं. मात्र सोबत भरपूर पाणी हवं, नाहीतर तेच अडकून बसतं.

लोहाच्या लाल गोळीनेही खडा होतो आणि शौचाचा रंग काळा पडतो. तरी ती परस्पर बंद करू नये. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, तेही डॉक्टरांना विचारून. इसबगोल आणि गोळीत दोनेक तासांचं अंतर ठेवावं. शौचातून रक्त, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांतलं काही आयबीएसच्या खात्यावर टाकायचं नाही. ठरावीक अंतराने येणारी कळ, अंगावरून जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं असेल तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा, कारण तेव्हा कळ कुठल्या जावेची हे घरी ओळखता येत नाही.

आत्याबाईंना जी-क्यू पटलं नाही. जावांचं मात्र लगेच पटलं. एरंडेलाची बाटली आता कोठीत आहे, वर्षाच्या तूरडाळीला चोळायला.