पीएफचे नवे सदस्य आणि बेरोजगारीचा दर: गेलेली नोकरी कुठे दिसते?

एकाच महिन्यात दोन बातम्या येतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेत लाखो सदस्यांची निव्वळ भर पडली, ही एक. बेरोजगारीचा दर चढला, ही दुसरी. सत्तेतले पहिली उचलतात, विरोधक दुसरी, आणि खोटं कोण बोलतंय यावर वाद रंगतो. बहुतेक वेळा खोटं कुणीच बोलत नसतं. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे: उद्या एखाद्याची नोकरी गेली, तर या दोन आकड्यांत ती नेमकी कुठे दिसेल? अनेकदा कुठेच दिसत नाही.

बेरोजगारीचा दर येतो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून. एप्रिल २०१७ पासून हे सर्वेक्षण चालू आहे. निवडलेल्या घरी जाऊन तिथल्या माणसांच्या कामधंद्याची चौकशी होते. मोजायच्या पट्ट्या मात्र दोन आहेत. ‘नेहमीच्या स्थिती’साठी मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब घेतात, वर्षाचा मोठा भाग कामाविना गेला, पण ३० दिवस किंवा त्याहून जास्त काम मिळालं, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागच्या ७ दिवसांत कुठल्याही एका दिवशी १ तास काम केलेलं पुरतं. ही १ तासाची अट जगभर वापरली जाते, आपल्याकडे कुणी मुद्दाम ठेवलेली पळवाट नव्हे. मोबदला मिळालाच पाहिजे, असंही नाही. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी सून स्वयंरोजगाराच्या रकान्यात बसते. आणि ज्याने कंटाळून काम शोधायचंच सोडलं, काम मिळालं तरी करायची ज्याची तयारी उरली नाही, तो बेरोजगारांत येत नाही. तो श्रमबलातूनच, म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे यांच्या बेरजेतूनच, वजा होतो.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते २०२० मध्ये दिसलं. जुलै २०१९ ते जून २०२० या सर्वेक्षण-वर्षात टाळेबंदीचे सुरुवातीचे महिने येतात. शहरं सोडून गावाकडे पायी निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले. तरीही नेहमीच्या स्थितीनुसार त्या वर्षीचा बेरोजगारीचा दर निघाला ४.८ टक्के, आदल्या वर्षीच्या ५.८ टक्क्यांपेक्षा कमी! त्याच पीएलएफएसमध्ये शहरी भागाचा साप्ताहिक दर एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत २० टक्क्यांच्या वर होता. वर्षाच्या पट्टीवर मार्चपर्यंतचे कामाचे महिने जड भरले, आणि शेवटच्या तीन महिन्यांचा धक्का त्यात विरून गेला. शिवाय कारखान्यातून सुटलेला माणूस गावी जाऊन घरच्या शेतीला हात लावू लागला, की तो पुन्हा रोजगारात. एकूण कामकऱ्यांत शेतीचा वाटा त्या वर्षी ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेला. पगार बुडाला, पण दराच्या लेखी तो माणूस बेकार झालाच नाही.

पीएफचा आकडा दुसऱ्याच वाटेने येतो. त्यासाठी कुणी कुणाच्या घरी जात नाही. मालकांनी भरलेल्या माहितीतून तो तयार होतो. सप्टेंबर २०१७ पासूनची ही मासिक आकडेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. नवे सदस्य धरायचे, बाहेर पडलेले वजा करायचे, परत आलेले मिळवायचे. उरते ती निव्वळ भर. २०२३-२४ मध्ये ती सुमारे १.३१ कोटी होती. नोंद पक्की असते, पण ती सदस्यत्वाची नोंद आहे.

समजा, एका कारखान्यात १९ जण कित्येक वर्षं कामाला आहेत. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथे लागू होतो, म्हणून त्यांचा पीएफ कापला जात नाही. मालकाने आणखी एकाला कामावर घेतलं आणि कायदा लागू झाला. नोकरी वाढली १, पीएफच्या यादीत मात्र २० पर्यंत नवे सदस्य चढू शकतात. त्या १९ जणांच्या म्हातारपणाची सोय झाली, ही मोठीच गोष्ट आहे आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्यांना नव्या नोकऱ्यांत मोजणं साफ चूक आहे.

नोकरी गेल्याची खबर तर पीएफकडे फार उशिरा पोहोचते. मालकाने काम सोडल्याची तारीख भरली, किंवा त्या माणसाने स्वतः पैसे काढायला अर्ज केला, तेव्हा कुठे तो ‘बाहेर पडलेला’ ठरतो. म्हणूनच हे आकडे तात्पुरते म्हणून येतात आणि मागाहून बदलत राहतात. एप्रिल २०२० ची निव्वळ भर आधी शून्याच्या वर दाखवली गेली. पुढच्या सुधारणांत ती उणे झाली. ज्यांचा पीएफ कधी कापलाच गेला नाही, त्यांचं काम सुटल्याची तर इथे खूणही उमटत नाही, आणि देशातले बहुसंख्य कामकरी तेच आहेत. यात राज्य कामगार विम्याचे सदस्य मिळवून आकडा फुगवणंही चूक, कारण एकच कामगार दोन्हीकडे असू शकतो.

म्हणून दराच्या मागचे तक्ते उघडून पाहावेत. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात १५ वर्षांवरच्यांचा बेरोजगारीचा दर ६.० वरून ३.२ टक्क्यांवर आला. त्याच काळात कामकऱ्यांमध्ये नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरला आणि घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनिसांचा १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर चढला. बेकारी निम्म्यावर आल्याची बातमी छापताना हे दोन आकडे शेजारी छापले नाहीत, तर वाचकाला अर्धीच गोष्ट कळते.

जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली आणि बेरोजगारीचे आकडे दर महिन्याला मिळू लागले. एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. तो साप्ताहिक पट्टीवरचा आहे, तर ३.२ टक्के हा वर्षाच्या पट्टीवरचा. हे दोन आकडे एका आलेखात जोडून बेकारी वाढल्याची रेघ ओढता येत नाही.