वकील कमी पडला म्हणून खुनाची शिक्षा रद्द होते का?

‘वकिलाने नीट बाजू मांडली नाही म्हटलं की अमेरिकेत खुनाचा दोषी सुटतो’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. वकिलाच्या मदतीचा हक्क तिथे घटनेतच आहे, म्हणून तो पटतोही. पण १९८४ पासून दुहेरी कसोटी आहे: काम वाजवी दर्जाखाली गेलं होतं आणि ती चूक नसती तर निकाल बदलण्याची वाजवी शक्यता होती. गाडी अनेकदा दुसऱ्या अटीवर अडते. समजा, ‘आरोपी तेव्हा माझ्याकडे होता’ म्हणणारा साक्षीदार बोलावलाच नाही. मग तो काय सांगणार होता हे दाखवायला त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते खटल्याच्या कागदांत नसतं, म्हणून हा मुद्दा सहसा अपिलानंतरच्या वेगळ्या अर्जात येतो. आणि अर्ज मान्य झाला तरी बहुधा फेरखटला होतो, थेट सुटका नाही. पडताळायचं तर निकालपत्र उघडा, शेवटचा आदेश आधी वाचा.