कळलेला नियम जिभेवर का येत नाही?

जर्मनमध्ये 'आज मी जाते' म्हणायचं तर 'हॉइटे गेहे इश'. वाक्यात आधी 'हॉइटे' म्हणजे 'आज' आलं, की क्रियापद लगेच दुसरी जागा पकडतं आणि कर्ता त्याच्या मागे जातो. नियम दोन मिनिटांत कळतो. पुण्यात जर्मन शिकणारे वहीत तो बिनचूक लिहितात, आणि तोंड उघडलं की 'हॉइटे इश गेहे' हजर!

समजायला सोपं आणि बोलायला सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानफ्रेड पीनमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने म्युनिकमधल्या ७ ते ९ वर्षांच्या १० इटालियन मुलांना हाच नियम शिकवून पाहिला. त्याचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. जर्मनची वाक्यरचना परक्या माणसाच्या बोलण्यात पायरीपायरीने येते, असं आधीच दिसलं होतं. आधी 'कर्ता-क्रियापद-कर्म' हा सरळ साचा, मग 'आज', 'तिथे' असे शब्द पुढे आणणं, मग जोडक्रियापदाचा दुसरा तुकडा वाक्याच्या शेवटी नेणं, आणि त्यानंतर ही अदलाबदल. अदलाबदलीच्या लगेच आदल्या पायरीवर पोचलेल्या मुलांना शिकवणीचा फायदा झाला. त्याहून मागे असलेल्या मुलांना शिकवूनही मधली पायरी गाळता आली नाही.

कारण बोलताना वेळच नसतो. वाक्याच्या एका टोकाची माहिती डोक्यात धरून दुसऱ्या टोकाला वापरायची, तेही बोलणं न अडखळता. त्याआधीची कामं सवयीची झाल्याशिवाय हे जमत नाही.

इंग्रजीतल्या 'शी गोज'चं तेच. आपण 'तो जातो, ती जाते' करतच मोठे झालो, तरी कितीजण सर्रास 'शी गो' म्हणून जातात. तो 'ज' नवा अर्थ काही देत नाही. 'शी'ने सगळं आधीच सांगितलेलं असतं. पाठ्यपुस्तकात मात्र हा धडा लवकर येतो, कारण तो फळ्यावर मांडायला सोपा. माझ्या मते इथेच गफलत होते. मातृभाषेचाही यात हात असतो, त्यामुळे हा क्रम सगळ्यांना सारखाच लागू पडतो असं नाही.

गंमत म्हणजे जर्मनच्या पहिल्याच तासाला सगळे 'वी गेट्स?' अचूक म्हणतात. 'कसं काय?' विचारणाऱ्या या दोन शब्दांतही क्रियापद दुसरं आणि कर्ता, म्हणजे शेवटचा 'स', त्याच्या मागेच आहे. पण शिकणाऱ्याच्या लेखी तो अख्खा एकच शब्द असतो.