कॉम्प्युटर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ मागतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

नमस्कार,

मोंढ्यातली आडत असो, दवाखाना असो, शाळेचं ऑफिस असो की लेकरांच्या अभ्यासासाठी घेतलेला घरचा लॅपटॉप, आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तक्रार बहुतेक याच शब्दांत येते : “मशीन माझं, पैसे मी मोजले, आणि आता तेच मला म्हणतंय ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा.” पाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं असतं, “फॉरमॅट मारून टाका,” म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. आमची विनंती एवढीच, की या दुसऱ्या वाक्याची घाई करू नका. अशा मशीनमध्ये सहसा बिघाड नसतो. किल्ली कोणाकडे तरी राहिलेली असते, ती शोधायची असते.

हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण?

विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात. ‘स्टँडर्ड’ खात्यावर रोजचं काम होतं. बहुतेक नवं सॉफ्टवेअर टाकणं, दुसऱ्याचं खातं उघडणं किंवा बंद करणं, सिस्टीमच्या फाइलींना हात लावणं, हे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्यालाच जमतं. विंडोजच्या जुन्या एक्सपी आवृत्तीच्या काळात घरोघरी सगळेच ॲडमिन असायचे. त्यामुळे पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसलाही मालकाइतकेच अधिकार मिळायचे. 2007 मध्ये विंडोजची व्हिस्टा आवृत्ती आली तेव्हापासून पद्धत बदलली. तुम्ही ॲडमिन असलात तरी रोजचं काम साध्या अधिकारांवर चालतं, आणि मोठा बदल करायची वेळ आली की स्क्रीन काळवंडून ‘यस’ की ‘नो’ असं विचारलं जातं.

ही विचारणा कायमची बंद करून द्या, असं पुष्कळ जण सांगतात. आम्ही ते करत नाही, कारण तुमच्या नकळत काही आत शिरत असेल तर तुम्हाला कळायची ती एक महत्त्वाची जागा आहे.

तुमचं खातं कोणतं ते बघायला सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग युवर इन्फो उघडा. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं नसेल, तर तुमचं खातं स्टँडर्ड आहे.

‘यस’चं बटणच दाबलं जात नाही

दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक जोरात असताना एका आडत दुकानातून फोन आला. नवा प्रिंटर जोडायचा होता, पण परवानगीच्या चौकटीतलं ‘यस’ फिकट पडलेलं, दाबलं तरी काही होत नव्हतं. कोणीतरी फॉरमॅटचा सल्ला देऊन मोकळं झालं होतं. मशीनमध्ये मात्र तीन हंगामांच्या पट्ट्या आणि शेतकऱ्यांच्या उचलीच्या नोंदी होत्या, आणि बॅकअप कुठेच नव्हता. पाहिलं तर ॲडमिन खातं एकच, तेही काम सोडून पुण्याला गेलेल्या मुनिमाच्या नावाचं. मालकाचं स्वतःचं खातं स्टँडर्ड, आणि मुनिमाचं खातं कोणीतरी बंद करून ठेवलेलं.

पुढचं काम मशीन आमच्या दुकानात आणून केलं : आधी सगळ्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत, मग ते ॲडमिन खातं पुन्हा सुरू करणं. मुनिमाला फोन लावला, त्यांनी आठवून पासवर्ड सांगितला. त्यांच्या खात्यातून मालकाच्या खात्याचा प्रकार बदलला, एकदा साइन आउट करून पुन्हा आत शिरलो, आणि प्रिंटर बसला. एकही पट्टी गेली नाही.

चौकट पासवर्ड मागत असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे. तिथे ज्याचं नाव दिसतं, त्याला विचारा. ज्यांनी मशीन बसवून दिलं त्यांचंच नाव कित्येकदा असतं.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

एका शाळेत सकाळपासून हाच घोळ चालला होता. लॉगिनच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते, ती मराठीवर होती. आदल्या दिवशी कोणीतरी मराठीत पत्र टाइप केलेलं. इंग्रजी अक्षरं म्हणून जे दाबलं जात होतं, ते आत देवनागरीत पडत होतं आणि वर दिसत होते नुसते ठिपके. विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतला डोळ्याचा आकार दाबून धरला, तर काय टाइप झालंय ते दिसतं. कॅप्स लॉक आणि नम लॉकही बघून घ्या.

पासवर्डऐवजी टाकायचा छोटा आकडा, म्हणजे पिन, त्याचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे लाइट गेली की मशीन धाडकन बंद पडतं, आली की पुन्हा सुरू होतं. असं वारंवार झालं किंवा पिन पुष्कळदा चुकला, तर विंडोज पिन बंद करतं आणि मशीन किमान 2 तास चालू ठेवायला सांगतं. हा बिघाड नाही. इन्व्हर्टरवर असलेल्या पॉइंटला जोडून मशीन तसंच चालू राहू द्या, मधे बंद करू नका. तेवढा वेळ नसेल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये पिनऐवजी पासवर्ड निवडा.

पासवर्डच विसरला असेल आणि खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल, तर तो मोबाइलवरूनही बदलता येतो. लोकल, म्हणजे त्या मशीनपुरतंच खातं असेल तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं. खातं उघडताना सुरक्षेचे प्रश्न भरले असतील, तर त्यांची उत्तरं देऊन वाट मोकळी होते.

एकाच सॉफ्टवेअरला अडचण

जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहू पाहतं आणि विंडोज त्याला अडवतं. राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की तेवढ्यापुरतं चालतं. पण रोज तसं करत बसण्यापेक्षा डेटाचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवून सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवणं बरं.

जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क नव्याला जोडल्यावर फोल्डर उघडत नाही, कारण त्याची मालकी जुन्या खात्याच्या नावावर असते. ॲडमिन खात्यातून ‘कंटिन्यू’ दाबा. फाइली जास्त असतील तर वेळ लागेल, मधेच डिस्क ओढू नका. आणि सगळ्या सी ड्राइव्हला सगळ्यांची परवानगी देण्याचा जो उपाय व्हिडिओंमधून फिरतो, तो कृपा करून करू नका. त्यानंतर विंडोज नीट चालेल याची खात्री राहत नाही.

48 अंकी रिकव्हरी की

बऱ्याच नव्या लॅपटॉपांमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, फेरफार झाला, तर सुरू होताना 48 अंकी की मागितली जाते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कुठेच नसेल तर आतला डेटा आम्हालाच काय, कोणालाही काढता येत नाही. म्हणून आजच ती शोधून कागदावर उतरवा.

आज अर्धा तास काढून

मशीनवर दुसरं एक ॲडमिन खातं उघडा, मालकाच्या नावाचं. त्याचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. रोजचं काम आणि लेकरांचा वापर स्टँडर्ड खात्यावर ठेवा. नोकर काम सोडून जाताना त्याचं खातं बंद करायच्या आधी दुसरं ॲडमिन खातं चालतंय ना, ते उघडून बघा. फोनवर कोणी कंपनीतून बोलतोय सांगून स्क्रीन दाखवा म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आमच्याकडे आणताना

पासवर्ड काढायचं काम मालकी पटल्याशिवाय आम्ही हातात घेत नाही. ऑफिसचं मशीन नोकराने आणलं तर मालकांना फोन करतो, याचा राग मानू नये. बँकेचं, सरकारी किंवा मोठ्या कंपनीचं मशीन असेल तर त्याची किल्ली त्यांच्या आयटी विभागाकडे असते, तिथेच विचारा. येताना खरेदीचं बिल, लॅपटॉपचा चार्जर आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मोबाइल, तिन्ही सोबत आणा.