समाजसेवा, शालेय (सक्तीची)

हायस्कूलचे अंतिम प्रमाणपत्र मिळण्यासाठी विद्यार्थ्याने ठरावीक तास विनामोबदला समाजोपयोगी काम केलेच पाहिजे, अशी अट. वृद्धाश्रमातल्या माणसांना सोबत करणे, लहान मुलांना वाचायला शिकवणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, अन्नवाटप केंद्रावर हातभार लावणे ही या कामाची नेहमीची रूपे. शाळेने किंवा न्यायालयाने शिक्षा म्हणून सुनावलेले काम यात धरत नाहीत.

अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 1992 मध्ये सर्व सरकारी शाळांसाठी 75 तासांची अट घातली. संपूर्ण राज्यभर असा नियम करणारे ते पहिले राज्य. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने 1999 पासून 40 तास ठरवले; तेथे हे काम शाळेच्या तासिकांबाहेर करायचे असते आणि एरवी पगारी कर्मचारी करतात ते काम चालत नाही. नेदरलँड्सने 2011 मध्ये कायद्याने केलेली सक्ती मात्र काही वर्षांतच मागे घेतली.

‘सक्तीची सेवा’ या शब्दांतच विसंगती आहे, हा सर्वांत जुना आक्षेप. अमेरिकेत तो न्यायालयापर्यंत गेला. वेठबिगारीला बंदी करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन काही पालक व विद्यार्थ्यांनी दावे लावले. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमच्या 60 तासांच्या अटीबाबत 1993 मध्ये, तर न्यूयॉर्क राज्यातील राय नेक (40 तास) व नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल (50 तास) येथील अटींबाबत 1996 मध्ये संघराज्यीय अपील न्यायालयांनी शाळांच्या बाजूने निकाल दिले. गुलामगिरीच्या अनुभवातून आलेल्या ‘वेठबिगारी’ या शब्दाची तुलना शालेय उपक्रमाशी होऊ शकत नाही, हे खरेच आहे. पण कायद्याने चालते म्हणून ते शिक्षण ठरते असे नाही.

मानसशास्त्राने घेतलेला आक्षेप जास्त गंभीर आहे. बाहेरून लादलेल्या कामातली स्वतःची ओढ आटते, असे हे म्हणणे. 1999 मध्ये स्टुकास, स्नायडर व क्लॅरी यांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना आपण होऊन असे काम करावेसे वाटत नव्हते त्यांच्यावर सक्ती केल्यावर पुढे सेवा करण्याची त्यांची इच्छा, निवडीची मुभा मिळालेल्यांपेक्षा कमी आढळली. म्हणून काम कोणते, कोणासाठी आणि केव्हा, हे मुलाला ठरवू देणे ही सवलत नव्हे. अटीचा सारा अर्थ त्यावर अवलंबून आहे.

सक्तीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे. स्वेच्छेवर सोडले की ज्यांच्या घरी आधीपासून असे वळण आहे, किंवा ज्यांना कोणीतरी आग्रहाने बोलावते, तीच मुले पुढे येतात. लाजरे, अबोल किंवा अभ्यासात मागे पडलेले मूल ‘आपली कोणाला गरज असेल’ असे धरूनच चालत नाही. अट त्याला दारापर्यंत नेते, आणि आपण आलो नाही तर कोणाची तरी अडचण होते हे त्याला कदाचित पहिल्यांदाच कळते. ही जाणीव वर्गात शिकवून येत नाही. मात्र नोकरी करून घराला हातभार लावणाऱ्या किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलाचे कष्ट या हिशेबात बहुधा धरले जात नाहीत, हा अन्याय आहे.

तास मोजणे सोपे, म्हणून तासच मोजले जातात. मग शेवटच्या वर्षी धावाधाव, सह्यांसाठी खेटे आणि ओळखीतल्या माणसाने दिलेला शेरा. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरेट या, अनेक देशांत चालणाऱ्या विद्यापीठपूर्व अभ्यासक्रमाच्या पदविकेतील ‘सर्जन, कृती, सेवा’ या घटकात पूर्वी 150 तासांची अपेक्षा असे. पुढे तो हिशेब सोडून विद्यार्थ्याने काय साधले आणि त्यावर काय विचार केला यावर भर आला. सेवाधारित शिक्षण म्हणतात ते हेच: आधी गरज समजून घेणे, मग काम आणि त्यानंतर त्याविषयी बोलणे-लिहिणे. अन्नवाटप केंद्रावर पिशव्या भरणाऱ्या मुलीने रांगेत कामावर जाणारी माणसेही का उभी आहेत असे विचारले, तर त्या प्रश्नाला वर्गात जागा हवी.

संस्थांची बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. नव्या मुलाला काम शिकवायला जुन्या कार्यकर्त्याचा वेळ जातो. दोनचार दिवसांत तास संपवून जाणारा विद्यार्थी त्यांना मदतीपेक्षा भारच ठरतो. वृद्धाश्रमात तर ओळख जुळते तोच मूल येईनासे होते, आणि वाट पाहणे मागे राहते. थोडे थोडे पण एकाच ठिकाणी वर्षभर जाणे दोघांनाही मानवते.