महासाथीच्या काळातील रोजगार-असुरक्षितता व सार्वजनिक भीती

महासाथीत माणसाला दोन धास्त्या एकदम घेरतात. आजार आपल्याला गाठेल ही एक आणि हातचे काम जाईल ही दुसरी. पहिली बाजार, वाहने, शाळा, कामाच्या जागा अशा सामाईक ठिकाणांभोवती पसरते, म्हणून तिला सार्वजनिक भीती म्हणतात. दुसरी म्हणजे रोजगार-असुरक्षितता. पहिलीचा विचार साथरोगतज्ज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी केला, दुसरीचा कामगार-अभ्यासकांनी व अर्थतज्ज्ञांनी. प्रत्यक्षात मात्र या दोन्ही एकमेकींना खतपाणी घालतात. संसर्गाच्या भीतीने लोक बाहेर पडत नाहीत, धंदे बसतात आणि कामे जातात. काम जाण्याच्या भीतीने आजारी माणूस अंगात ताप घेऊन कामावर येतो, संसर्ग वाढतो आणि पहिली भीती आणखी खरी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविड-१९ बाबत आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ११ मार्च २०२० रोजी या साथीला महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली. या दोन भीतींच्या संबंधाविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे याच काळातले आहे.

असुरक्षिततेचे स्वरूप

लेनर्ड ग्रीनहॅल्घ आणि झेहावा रोझेनब्लॅट यांनी १९८४ मध्ये रोजगार-असुरक्षिततेची जी मांडणी केली, ती आजही आधार मानली जाते. काम धोक्यात आले आहे आणि ते टिकवणे आपल्या हातात नाही, ही जाणीव म्हणजे असुरक्षितता. यात धोका किती मोठा आहे याइतकेच महत्त्व हतबलतेला आहे. पुढच्या अभ्यासकांनी तिचे दोन प्रकार केले. नोकरीच जाईल ही चिंता संख्यात्मक. नोकरी राहील, पण पगार, तास, बढती किंवा कामाचे स्वरूप घसरेल ही चिंता गुणात्मक. महासाथीत दुसरा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर असतो आणि आकडेवारीत जवळजवळ दिसत नाही. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना हे वर्गीकरण लागूच पडत नाही. त्यांच्याकडे गमावायला नोकरीच नसते, उद्याचे काम मिळेल की नाही एवढाच प्रश्न असतो.

टांगती तलवार प्रत्यक्ष घावापेक्षा कमी त्रासाची असते, हा समज चुकीचा आहे. नोकरी शाबूत असूनही धास्तावलेल्या लोकांतील नैराश्याची लक्षणे बेरोजगारांमधील लक्षणांच्या तोडीची असतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. कारण उघड आहे. नोकरी गेलेला माणूस भत्त्याचा अर्ज करतो, नवे काम शोधतो, खर्च कमी करतो. धास्तावलेल्याला यातले काहीच करता येत नाही, कारण अजून काही घडलेलेच नसते.

भीतीचे स्वरूप

जोखमीच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पॉल स्लोविक यांच्या मांडणीनुसार लोक धोक्याचे माप मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतात: तो किती भयंकर व आटोक्याबाहेरचा वाटतो आणि तो किती अनोळखी आहे. नवा विषाणू सुरुवातीच्या आठवड्यांत दोन्ही बाबतींत वरच्या टोकाला असतो. त्या काळातली भीती अडाणीपणाची मानून तिची हेटाळणी करणे अन्यायाचे आहे. माहिती अपुरी असताना अधिक सावध राहणे हा शहाणपणाच असतो. ही भीती मोजण्यासाठी २०२० मध्ये सात प्रश्नांची एक मापनश्रेणी तयार झाली. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ७ ते ३५. हात घामेजणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे अशा शारीरिक खुणाही तिच्यात विचारल्या जातात.

भीती बिघडते ती दोन ठिकाणी. साठेबाजीत ती दुसऱ्याच्या वाट्याचा माल संपवते. बहिष्कारात ती माणसाचे काम हिरावते: आजारातून बरा झालेला कामगार परत आला की सहकारी त्याच्या शेजारी बसत नाहीत, घरमालक परिचारिकेला खोली सोडायला सांगतो. असा अनुभव एकाला आला की बाकीचे लक्षणे लपवू लागतात, आणि मग रुग्ण शोधण्याची सारी यंत्रणाच लंगडी पडते.

भीतीमुळे कामे कशी जातात

कामे टाळेबंदीने गेली की भीतीने, हा वाद २०२० मध्ये जोरात होता. उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अर्थतज्ज्ञ ऑस्टन गूल्सबी व चॅड सायव्हर्सन यांनी अमेरिकेत मोबाइलच्या स्थान-नोंदींवरून, निर्बंधांच्या सीमेच्या अलीकडची व पलीकडची दुकाने ताडून पाहिली. ग्राहकांची ये-जा सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती. त्यातली केवळ ७ टक्के-अंकांची, म्हणजे ६० पैकी ७ ची, घट सरकारी निर्बंधांच्या खात्यावर जात होती. डेन्मार्कने कडक निर्बंध लादले, शेजारच्या स्वीडनने सौम्य ठेवले. बँक-व्यवहारांवरून पाहता पहिल्या टप्प्यात डेन्मार्कमधील खर्च सुमारे २९ टक्के तर स्वीडनमधील सुमारे २५ टक्के घटला. म्हणजे दार उघडे ठेवले तरी गिऱ्हाईक येत नव्हते. निर्बंध उठवले की रोजगार आपोआप परततो, ही अपेक्षा म्हणूनच फसते. संसर्ग खरोखर उतरला आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला, तरच गिऱ्हाईक फिरकते.

खर्च आवरणारे आणि त्यामुळे काम गमावणारे लोक एकच नसतात. अमेरिकेतील नोंदींत खर्चातली मोठी कपात सधन कुटुंबांची होती; त्यांनी बाहेर खाणे, केशकर्तन, प्रवास थांबवला आणि त्यांच्याच वस्त्यांत सेवा देणाऱ्या अल्पवेतनी कामगारांची कामे गेली. त्यात उद्याच्या धास्तीने पैसा धरून ठेवण्याची वृत्ती मिसळते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी कुटुंबांची बचत खर्चयोग्य उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांशावर गेली. मदतीचा पैसा हाती येत होता आणि खर्चायला जागा नव्हती, हेही त्यामागचे कारण होते.

उलट दिशेचा प्रवाह, म्हणजे असुरक्षिततेतून संसर्ग, पगारी आजारपणाच्या रजेपाशी स्पष्ट दिसतो. रजा बिनपगारी असेल, किंवा गैरहजेरीची नोंद पुढे नोकरकपातीत वापरली जाईल अशी शंका असेल, तर कामगार घसादुखी सांगत नाही. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये तातडीची पगारी रजा लागू झाली, तेव्हा ज्या राज्यांत लोकांना ती नव्याने मिळाली तिथे दररोजच्या नव्या रुग्णांत प्रत्येक राज्यामागे सुमारे ४०० ची घट झाल्याचे एका अभ्यासात आढळले. रजा उपयोगी पडायची तर तीन अटी पाळाव्या लागतात: पहिल्या दिवसापासून पगार, सुरुवातीचे काही दिवस तरी डॉक्टरच्या दाखल्याची सक्ती नको, आणि कंत्राटी व रोजंदारी कामगारांनाही ती लागू हवी. तिसरी अट बहुतेक ठिकाणी सुटते. नेमके त्याच कामगारांना घरून काम करता येत नाही.

कोणाला किती झळ

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात २०१९ च्या शेवटच्या तिमाहीच्या तुलनेत ८.८ टक्के कामाचे तास बुडाले. पूर्णवेळ नोकऱ्यांत मांडले तर ही संख्या २५.५ कोटी होते. स्त्रियांचा रोजगार ५ टक्के घटला, पुरुषांचा ३.९ टक्के, तरुणांचा ८.७ टक्के, त्यांच्याहून मोठ्यांचा ३.७ टक्के. अमेरिकेतील सुमारे ३७ टक्के कामेच पूर्णपणे घरून होऊ शकतात असा एक हिशेब आहे. गरीब देशांत हे प्रमाण बरेच कमी. यातून तीन गट पडले. घरून काम करणाऱ्यांना दोन्ही भीती तुलनेने कमी. रुग्णालये, किराणा, मांसप्रक्रिया, वाहतूक, सफाई यांतल्या कामगारांची नोकरी टिकली, पण संसर्ग समोर उभा. हॉटेल, पर्यटन, घरकाम, फेरीविक्री यांतल्यांना दोन्ही.

महासाथीत नेहमी कामगारच असुरक्षित होतो असे नाही. चौदाव्या शतकातल्या प्लेगने इंग्लंडमध्ये इतकी माणसे नेली की कामगारच दुर्मीळ झाले. मजुरी वाढू नये म्हणून १३४९ मध्ये फर्मान आणि १३५१ मध्ये कायदा करावा लागला. १८९६ च्या मुंबईतील प्लेगात माणसे शहर सोडून पळू लागली, तेव्हा गिरण्यांना उरलेला कामगार टिकवण्यासाठी रोजची मजुरी रोज चुकवावी लागली. भीतीने तिथे मालकालाच असुरक्षित केले होते.

मोजमापातील अडचणी

बेरोजगारीचा दर महासाथीत फसवा ठरतो. जो काम शोधतो आहे त्यालाच बेरोजगार मानले जाते. घराबाहेर पडण्याचीच भीती असेल तर शोध कसा घेणार? २०२० मध्ये जगभर ११.४ कोटी लोकांचा रोजगार गेला, पण त्यातले ८.१ कोटी कामगारवर्गाबाहेर मोजले गेले आणि ३.३ कोटीच बेरोजगार ठरले. अमेरिकेत एप्रिल २०२० चा दर १४.७ टक्के जाहीर झाला, तेव्हा सांख्यिकी कार्यालयानेच कळवले की तात्पुरत्या कपातीतल्या अनेकांची नोंद ‘इतर कारणाने गैरहजर’ अशी झाली आहे आणि ती दुरुस्त केल्यास दर सुमारे ५ टक्के-अंकांनी वर जाईल.

पाहणी करताना ‘येत्या १२ महिन्यांत काम जाण्याची शक्यता किती?’ आणि ‘गेल्यास तसेच काम पुन्हा मिळेल का?’ हे प्रश्न वेगळे विचारावेत. दोन्हींची सरमिसळ केली की कुशल पण धोक्यात असलेला आणि अकुशल पण सुरक्षित असलेला, असे दोघे एकाच गुणावर येतात. दूरध्वनीवरच्या पाहणीतून ज्यांच्याकडे फोन नाही तेच गळतात.

उपाय आणि त्यांच्या उणिवा

सर्वांत परिणामकारक ठरले ते कामगार व मालक यांचे नाते न तोडता पगार भरून देणारे उपाय. जर्मनीच्या अल्पकाळ-काम योजनेत कामाचे तास कमी होतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के रक्कम सरकारी रोजगार संस्था देते. महासाथीत चौथ्या महिन्यापासून हे प्रमाण ७० व ७७, सातव्यापासून ८० व ८७ केले गेले. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक या योजनेत होते. योजना आधीपासून अस्तित्वात होती, हे तिचे खरे बळ. ब्रिटनला मार्च २०२० मध्ये नवी योजना उभारावी लागली: पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड. मालकाने आधी पैसे द्यायचे आणि मग मागायचे, पण मागणी नोंदवण्याची सोय २० एप्रिलला सुरू झाली. ठरावीक तारखेनंतर रुजू झालेले योजनेबाहेर राहिले, म्हणून तारीख पुढे न्यावी लागली. १ जुलैपर्यंत अर्धवेळ कामाला परवानगीच नव्हती, त्यामुळे थोडे काम असूनही माणसाला पूर्ण घरी बसवावे लागे.

अमेरिकेने बेरोजगारी भत्त्यात आठवड्याला सरसकट ६०० डॉलर जुलै २०२० अखेरपर्यंत वाढवून दिले. पगाराच्या टक्केवारीत भत्ता मोजणे राज्यांच्या जुन्या संगणक-प्रणालींना जमत नव्हते, म्हणून रक्कम एकसारखी ठेवली. तिथे अर्जांचा आठवड्याचा जुना विक्रम ६,९५,००० होता, ऑक्टोबर १९८२ चा. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात अर्ज ६० लाखांच्या वर गेले आणि अनेकांना पैसे मिळायला कित्येक आठवडे लागले. भीतीच्या दृष्टीने हा विलंबच घातक. रक्कम थोडी कमी असली तरी चालते. ती कोणत्या तारखेला येणार हे कळायला हवे.

ज्यांची कुठल्याच पगारपत्रकात नोंद नाही त्यांच्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशाची ‘नोव्हिसी’ योजना पाहण्याजोगी आहे. एप्रिल २०२० मध्ये ती सुरू झाली. साध्या फोनवरून एक क्रमांक फिरवायचा, मतदार ओळखपत्राचा तपशील द्यायचा. पात्र ठरल्यास पैसे फोनच्याच खात्यात. पुढे उपग्रहचित्रे व फोन-वापराच्या नोंदींवरून सर्वांत गरीब भाग व व्यक्ती निवडल्या गेल्या. ज्यांच्याकडे फोन किंवा ओळखपत्र नाही ते मात्र अशा योजनेतून सुटतात. त्यांच्यासाठी माणसे दारोदारी पाठवण्याला पर्याय नाही.

आस्थापनेत नोकरकपात सहसा पायऱ्यांनी येते. आधी जादा तास बंद, मग नवी भरती, मग कंत्राटांचे नूतनीकरण, पुढे बिनपगारी रजा, पगारकपात आणि शेवटी कपात. कामगार या पायऱ्या ओळखतात, म्हणून गप्प बसल्याने भीती कमी होत नाही. ती जागा अफवा घेतात. अमुक तारखेपर्यंत पगार पक्का, पुढचा निर्णय अमुक दिवशी, कपात झालीच तर निकष हे आणि आजारपणाची गैरहजेरी त्यात धरली जाणार नाही: एवढे लेखी द्यावे आणि ठरल्या दिवशी, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी, पुन्हा कळवावे. ‘कोणाचीही नोकरी जाणार नाही’ असे आश्वासन पाळता येणार नसेल तर देऊ नये. ते मोडले की आरोग्याच्या सूचनांवरचाही विश्वास उडतो.

मानसिक परिणाम व नंतरचा काळ

महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार व नैराश्य यांचे जगातील प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. आत्महत्या मात्र, अपेक्षेविरुद्ध, पहिल्या काही महिन्यांत बहुतेक उच्च व उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत वाढल्या नाहीत. जपानमध्ये त्या जुलै २०२० पासून वाढल्या, विशेषतः स्त्रियांच्या. सुरुवातीचा काळ निभावला म्हणून आधार काढून घेऊ नये, एवढे यावरून दिसते.

लस आल्यावर संसर्गाची भीती पुष्कळ ओसरली. अमेरिकेतील एकूण रोजगार २०२२ च्या मध्याला पूर्वपदावर आला. २००८ च्या मंदीनंतर त्याला सहा वर्षांहून अधिक लागली होती. ज्यांची लक्षणे महिनोन्महिने रेंगाळली त्यांची असुरक्षितता मात्र मागे राहिली. सकाळी ठीक वाटणारा माणूस दुपारी थकून गळतो, तपासण्यांत काही सापडत नाही आणि रजेचे नियम ‘आजारी’ किंवा ‘तंदुरुस्त’ एवढेच ओळखतात. अशांना कमी तासांवर परत घेऊन, प्रकृतीचा अंदाज घेत ते हळूहळू वाढवावे लागतात. थकवा उलटला तर मागे यायची मुभाही ठेवावी लागते.